वापरणारा गेल्यामुळे विकणे आहे

चहा आधी खाली ठेवा. हो, ठेवाच. मी जे सांगणार आहे त्यात मध्येच कुठेतरी तुमच्या अंगावर काटा येईल आणि शेवटी तुम्ही मला हसाल. दोन्ही वेळा हातात गरम कप असणं बरं नाही. गाढवपणा माझ्या हातून पुष्कळ झालाय, त्याचं काही नाही. पण एका गेलेल्या माणसाशी मी आठवडाभर, रोज सकाळी नऊ वाजता, गप्पा मारत होतो. तुमच्यापैकी कुणी मारल्यात?

नाही ना? मग ऐका.

मी मूळचा वर्ध्याचा. पुण्यात सगळीकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि इंग्रजी बोलता येणाऱ्या प्रत्येकाला कुठली ना कुठली कंपनी उचलत होती, त्या दिवसांत मलाही एकीने उचललं. अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की ते फोन करायचे आणि आम्ही पुण्यात बसून ते दुरुस्त करायचो. कसे करायचो ते आत्ता विचारू नका. शेवटी सांगावंच लागणार आहे.

राहायला येरवड्याला. आता येरवड्याला राहतो म्हटलं की अस्सल पुणेकर तुमच्याकडे नीट बघतो आणि विचारतो, "आत की बाहेर?" तर बाहेर. एका खोलीत मी आणि गजू. गजू यवतमाळचा, एका कारखान्यात कामाला, देवभोळा, आणि भुताखेतांच्या बाबतीत माझ्या माहितीतला सगळ्यात मोठा तज्ज्ञ.

तर मला व्हायचं होतं डीजे. मनापासून. फोनवर "सर, प्लीज रीस्टार्ट" म्हणत म्हातारं व्हायचं नव्हतं. आणि संधी आली! शुभदाताई नावाच्या एक बाई लग्नाचे कार्यक्रम ठरवून द्यायच्या. त्यांचा डीजे ऐन हंगामात काम सोडून बसला होता. त्यांनी मला समोर बसवलं आणि स्वच्छ सांगितलं, "एक हळद देते. सकाळी नऊची. नीट झाली तर अख्खी लग्नसराई तुमची. नाही झाली तर ओळख विसरायची. चालेल?"

चालेल म्हणजे काय? धावेल! नोकरी सोडायची, तर ती या एका हळदीवर. बाकी माझ्याकडे काही नव्हतं. लॅपटॉपसुद्धा नव्हता.

घरी होता तो मोठ्या ढेरीचा, टेबलावरचा कॉम्प्युटर. तो लग्नाला न्यायचा तर त्याच्यासाठी वेगळी करवली लागली असती. मला हवा होता दणकट लॅपटॉप. एक गाणं चालू असताना दुसरं त्यावर चढवायचं, दोघांचा वेग जुळवायचा आणि मध्ये क्षणभरही अडकायचं नाही. कॉम्प्युटर अडकला की नाचणारी माणसं एक पाय वर धरून उभी राहतात, आणि मग सगळी डीजेकडे बघतात. 

पंधरा दिवस मी दुकानं पालथी घातली. कोणी म्हणे मेमरी जास्त बघ, कोणी म्हणे प्रोसेसर बघ, कोणी म्हणे आवाजाचं कार्ड बाहेरून लाव. एका दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवाय?" म्हटलं, डीजेसाठी. तो म्हणाला, "मग कुठलाही घ्या. ऐकतंय कोण?"

आणि जो खरोखर चांगला होता, तो माझ्या आवाक्याबाहेर होता.

अशात एकदा शुभदाताईंबरोबर मार्केट यार्डात झेंडू बघायला गेलो. येताना गुलटेकडीच्या एका सोसायटीच्या फाटकावर वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं दिसलं:

"लॅपटॉप विकणे आहे. वापरणारा गेल्यामुळे. वेळ १० ते ११. चौकशी मोजकी करावी."

मी तिथेच थबकलो. वापरणारा गेल्यामुळे! आमच्याकडे कुणी "गेला" एवढं एकच बोलून थांबलं, की ऐकणारा चपला बाहेर काढतो आणि गुपचूप कोपऱ्यात बसतो. वाईट वाटलं हो. आणि त्याच वेळी मनात आलं की लॅपटॉप चांगला असेल. माणूस किती नीच असतो बघा.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला दार वाजवलं. दार उघडलं ते अभ्यंकर काकांनी. सत्तरीचे, ताठ, स्वेटरची सगळी बटणं लावलेली.

"लॅपटॉप?" ते म्हणाले.

"हो."

"या."

आत गेलो. खोलीत काहीच नव्हतं. कपाट रिकामं, शोकेस रिकामी, दोन पुठ्ठ्याची खोकी दोरीने बांधलेली. भिंतीवर फक्त एक फोटो. तिशीतला मुलगा, चष्मा, हसरा. आणि त्या फोटोला चंदनाचा हार.

मी हात जोडले. आपोआप जोडले गेले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं.

"मुलगा?" मी हळूच विचारलं.

"सलील."

"कधी...?"

"मे महिन्यात."

"अचानक?"

"छे. दोन वर्षं प्रयत्न चालू होते."

मला त्या आजाराचं नाव विचारायचं धाडस झालं नाही. "शेवटी?"

"शेवटी गेला. सुटला एकदाचा."

इतकं कोरडं! वर्ध्याला अशा घरात रडारड असते, शेजारीपाजारी असतात, कुणीतरी चहा करत असतं. इथे एक म्हातारा माणूस रिकाम्या खोलीत बसून पोटच्या पोराबद्दल "सुटला" म्हणत होता.

काकांनी लॅपटॉप पुढे ठेवला. आणि काय सांगू, मी शोधत होतो तो हाच! मेमरी भरपूर, वेग असा की बटण दाबायच्या आधी काम व्हावं. "काय करायचे ते?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअर. सगळं तसंच आहे त्यात. मी हात लावलेला नाही."

व्यवहार झाला. लॅपटॉप छातीशी धरून मी उठलो. आता तुम्हाला माहीत आहे, दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत. मी म्हणालो नाही. नुसता उठलो, मान खाली घातली आणि जिना उतरलो. वळून पाहिलं तर काका दारात उभे होते, काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखे.

खरा डीजे काय करतो? जुना लॅपटॉप आणला की आधी सगळा पुसून कोरा करतो. मीही बसलो पुसायला. उघडला, तर समोर काका-काकूंचा फोटो, कुठल्याशा टेकडीवरचा. कोपऱ्यात "आई-बाबा" नावाचा फोल्डर. माझा हात थांबला. गेलेल्या माणसाचं हे शेवटचं, आणि मी कोण ते पुसणार? म्हटलं राहू दे, एका बाजूला राहू दे बिचाऱ्याला. माझी गाणी आणि डीजेचं सॉफ्टवेअर मी शेजारी टाकलं, इंटरनेट जोडलं आणि कामाला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाण हलला.

मी खाटेवर बसून दात घासत होतो. गजू कारखान्यात. लॅपटॉप टेबलावर, मी तीन हात लांब. पडद्यावरचा तो छोटा पांढरा बाण निवांत एका टोकाला पडला होता. तो हलला. आधी थोडा थरथरला, मग हळूहळू, एखादा माणूस अंधारात भिंत चाचपडत जातो तसा, पडद्यावर फिरायला लागला. माझ्या गाण्यांच्या फोल्डरवर आला. थांबला. फोल्डर उघडला. बराच वेळ काही झालं नाही. मग फोल्डर बंद झाला.

खोलीत ऊन आलं होतं. बाहेर भाजीवाली मेथी मेथी ओरडत होती. भूत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमावास्या येते, वडाचं झाड येतं. हे सकाळी नऊला, पोहे खायच्या वेळी! उन्हातली भीती फार वाईट असते. पळून जायला उजेड तरी कुठला शोधायचा?

मी ब्रश तोंडात ठेवून वीस मिनिटं तसाच बसलो.

तिसऱ्या दिवशी मी गाणं लावून सराव करत होतो. नऊ वाजले आणि आवाज आपोआप उतरायला लागला. कुणी दटावल्यासारखा, थेट शून्यावर. मी वर केला. तो उतरला. मी वर केला. तो उतरला! चौथ्या दिवशी बाण सरळ माझ्या डीजेच्या सॉफ्टवेअरवर गेला आणि त्याने ते काढून टाकलं. समूळ. मी ते पुन्हा टाकलं.

संध्याकाळी गजू आला. "काऊन बे, तोंड पांढरं काऊन पडलं तुयं?"

मी सगळं सांगितलं. गजूने जेवण बाजूला सारलं.

"त्याची इच्छा राह्यली असन बे काहीतरी. पिंडाले कावळा शिवला होता का? इचारलं तू त्याच्या बापाले?"

"असं कसं विचारणार?"

"मंग आपणच करू."

आणि गजूने कारखान्याला दांडी मारून सकाळी लॅपटॉपसमोर खिडकीत दहीभात ठेवला. मी हात जोडून म्हटलं, सलीलराव, जी काही इच्छा असेल ती मी पुरी करतो, पण तेवढं सॉफ्टवेअर राहू द्या, माझी हळद आहे. कावळा आला. आला म्हणजे काय, धावत आला! सगळा भात खाल्ला, गजूच्या डब्यातली चटणीही खाल्ली आणि उडून गेला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

नऊ वाजले. बाण हलला. नोटपॅड उघडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत, इंग्रजी अक्षरांतलं मराठी, एकेक अक्षर उमटत गेलं:

"बाबा, गोळ्या घेतल्या का?"

गजू दारातून जो पळाला तो थेट बस थांब्यावर. आणि मी? खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. सात महिने झाले पोरगा जाऊन, आणि जीव अजून बापाच्या गोळ्यांत अडकलाय! मला वर्ध्याचे माझे बाबा आठवले. त्यांना मी कधी विचारलं होतं गोळ्यांचं?

भीती होती, पण मी तसाच उठून गुलटेकडीला गेलो.

काकांनी दार उघडलं. खोली आणखी रिकामी झाली होती. मी कसंबसं म्हणालो, "काका, रागावू नका. पण सलील... त्या लॅपटॉपवर येतात. रोज सकाळी नऊला."

मला वाटलं काका कोसळतील. काका म्हणाले, "हो. ती त्याची वेळच आहे."

बघा हो! बापाला ठाऊक होतं!

"ते विचारतात," मी म्हटलं, "गोळ्या घेतल्या का."

"घेतल्या म्हणावं." मग जरा पुढे झुकून, आवाज खाली आणून, "आणि हे पाहा, लॅपटॉप मी विकला हे त्याला कळू देऊ नका. त्याचा जीव होता त्याच्यावर. माझ्यासाठी ठेवून गेला होता तो. उगाच त्रास होईल त्याला."

"म्हणजे... मी तुम्ही आहे असं..."

"थोडे दिवस. मग मी आहेच तिकडे."

मी दाराची चौकट धरली. "तिकडे?"

"जाणार ना मीही. सगळं आवरत आणलंय. ही दिवाळीनंतर गेली. सलीलशिवाय करमेना तिला. मी एकटा इथे काय करू?"

"काका, असं बोलू नका!"

"का? बोलावणं आलं की जायचं. तारीखही ठरली. तुम्ही त्याला सांगा, कानटोपी घालत जा म्हणावं. तिकडे थंडी फार."

तिकडे थंडी फार. जिना उतरताना हे तीन शब्द माझ्या मानेवर बसले होते. "येतो" त्या दिवशीही म्हणालो नाही. कुठे येतो म्हणू?

पुढचा आठवडा मी अभ्यंकर काका झालो.

रोज नऊला बाण यायचा. नोटपॅड उघडायचं. "बाबा, काल रात्री जेवलात?" मी लिहायचो, "हो." "काय?" मी लिहायचो, "वरणभात." एकदा मी सवयीने "झुणका" लिहिलं. मग: "तुम्हाला कधीपासून आवडायला लागला?" मी लगेच लिहिलं, "माणूस बदलतो."

कानटोपीचा निरोपही दिला. उत्तर आलं: "घालतो. इथे सगळं पांढरं झालंय. बाहेर माणूस दिसत नाही."

आणि एके दिवशी: "आई इथे शेजारीच बसलीये. तुमची वाट बघतोय. आई म्हणते येताना मेतकूट आणा."

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, मेलेली बाई मेतकूट मागते का? मलाही क्षणभर वाटलं होतं. पण मी काय विचार केला माहितीये? मी म्हटलं, पुण्याची आहे, मागेल.

एकच चांगलं झालं. मी लिहिलं होतं, "ते गाण्यांचं सॉफ्टवेअर काढू नकोस, मला लागतं." मग: "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" पण त्यानंतर सॉफ्टवेअरला हात लागला नाही.

हळदीचा दिवस उजाडला. कार्यक्रम नऊचा, आणि भुताची वेळही नऊची! घरून निघण्यापूर्वी मी नोटपॅडवर काकांच्या नावाने निर्वाणीचं लिहून ठेवलं. भावना ओतून लिहिलं:

"सलील, आज मला हाक मारू नकोस. आज मला मोकळं व्हायचं आहे."

आणि ते तसंच उघडं ठेवून लॅपटॉप घेऊन निघालो. म्हणजे वाचेल आणि गप्प बसेल.

नगर रस्त्यावरचं लॉन. दोनशे माणसं, सगळी पिवळी. मलाही कुणीतरी गालाला, कपाळाला, केसांना हळद फासली. मागे भला मोठा पडदा. माझा लॅपटॉप त्याला जोडलेला, कारण शुभदाताईंना मध्येमध्ये नवरानवरीचे लहानपणचे फोटो दाखवायचे होते. फर्माईश आली तर गाणं उतरवून घ्यायला इंटरनेटची डोंगल लावलेली. पाहुणे लवकर जमले म्हणून नऊच्या आधीच सुरुवात केली, आणि पहिलं गाणं दणक्यात झालं. नवरीचे चारही मामा घामाघूम. शुभदाताईंनी लांबून अंगठा दाखवला. मला लग्नसराई दिसायला लागली, राजीनामा दिसायला लागला!

नऊ वाजले.

पडद्यावर बाण हलला. खोलीत तो नखाएवढा असायचा. इथे माझ्या हाताएवढा होता, आणि दोनशे माणसांच्या डोक्यावरून तो हळूहळू सरकत चालला होता. मी हात वर धरले होते. माझा हात लॅपटॉपला लागलेलाही नव्हता. गाण्याचा आवाज उतरायला लागला. नाचणारे मंदावले. आवाज शून्यावर गेला. एक मामा खरोखर एक पाय वर धरून थांबला. लॉनवर इतकी शांतता झाली की झेंडूच्या माळा वाऱ्याने घासल्या जात होत्या, तेवढंच ऐकू येत होतं.

नोटपॅड पुढे आलं. माझ्या ओळीखाली एकेक अक्षर उमटलं:

"बाबा, असं बोलू नका. मी आहे ना."

नवरीच्या वडिलांनी ते वाचलं. त्यांना वाटलं लेकीने गुपचूप ठरवून ठेवलंय. ते हुंदका देऊन रडायला लागले. नवरी गोंधळली, पण वडील रडतात म्हणून तीही रडायला लागली. मग मामा. बघता बघता अर्धं लॉन रडत होतं, आणि शुभदाताई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या!

इथे थांबलं असतं तर मी आज डीजे असतो.

लॅपटॉपच्या डोक्यावरचा कॅमेऱ्याचा छोटा दिवा लागला. शून्यावर गेलेला आवाज पुन्हा वर चढला. मग पडद्यावर तो दिसला. चष्मा. तोच चेहरा. फोटोतला, हाराखालचा. फक्त हसत नव्हता, आणि डोक्यावर कानटोपी होती.

"बाबा!" आवाज सगळ्या स्पीकरांतून आला. "बाबा, ऐकू येतंय का?"

हातात माईक होता आणि तो चालू होता. माझ्या तोंडून जे निघालं ते दोनशे माणसांनी ऐकलं:

"सलीलराव! शांत व्हा! तुमचे बाबा सुखरूप आहेत! कावळ्याने भात खाल्लाय! आता तुम्ही पुढे जा!"

चेहरा जवळ आला. पडदाभर झाला.

"आपण कोण?"

बघा! मेल्यावरही "आपण"!

"आणि बाबा कुठे आहेत?"

"ते गुलटेकडीलाच आहेत! तुम्ही वर आहात!"

"कुठे वर? मी न्यू जर्सीत आहे!"

लॉनवर कुणी तरी शिंकलं. मागून एक बाई आल्या, अंगावर शाल. टेकडीवरच्या फोटोतल्या काकू. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अरे सलील, हा पिवळा मुलगा कोण?"

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. हसू फुटलं एवढं आठवतं. रडणारेच हसत होते. एक मामा तर जमिनीवर बसला. शुभदाताई शांतपणे आल्या, माझ्या हातातला माईक काढून घेतला, बंद केला आणि म्हणाल्या, "छान. वेगळं होतं." मग जरा थांबून, "आपली ओळख होती का हो?"

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गुलटेकडीला गेलो. राग होता माझ्या मनात, अहो, असणारच! आत जाताच फोटोकडे बोट दाखवलं. "जिवंत मुलाच्या फोटोला हार?"

"तो हार माझा आहे," काका म्हणाले. "सोसायटीने निरोपाचा सत्कार केला. खिळा एकच होता."

"तुम्ही 'गेला' म्हणालात!"

"गेलाच होता. इथे दिसला का तुम्हाला?"

"आणि दोन वर्षं प्रयत्न?"

"व्हिसाचे."

"तुम्हीही जाणार म्हणालात!"

"जाणारच. सव्वीस तारखेला. विमानाने." मग माझ्याकडे रोखून बघत, "तुमच्यामुळे काल सलीलने मला तासभर सुनावलं. लॅपटॉप विकल्याबद्दल निम्मं, झुणका खाल्ल्याबद्दल निम्मं. आणि एक विचारू? निघताना 'येतो' म्हणायची पद्धत नाही का तुमच्याकडे? दोनदा पाहिलं."

लॅपटॉप मी खोक्यावर ठेवला.

काकांचा फोन वाजला. सलीलच होता. काकांनी फोनचा आवाज मोठा केला आणि फोन लॅपटॉपशेजारी ठेवला. सलील बिचारा सभ्य निघाला. म्हणाला, "सॉरी हं, तुमचा कार्यक्रम बिघडला. मी बाबांच्या मदतीसाठी त्यात लांबून चालवायचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं. मी आलो की कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, ती नाही दिसली का तुम्हाला? अर्थात, सगळ्यांनाच हे माहीत नसतं. तुम्ही नोकरी कुठली करता?"

सांगितलं होतं ना, शेवटी सांगावं लागेल?

"सपोर्टला आहे," मी म्हटलं.

"म्हणजे काय करता?" काकांनी विचारलं.

"अमेरिकेतल्या लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. इथून."

"इथून कसे?"

मी भिंतीकडे बघितलं. त्या खिळ्याकडे बघितलं. "आम्ही... लांबून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. आणि त्यांचा बाण हलवतो. तेव्हा कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ती आधी त्यांना दाखवायची असते. नाहीतर ते घाबरतात. ओहायोतली एक आजी तर 'भूत, भूत' म्हणून फोन टाकून पळाली होती."

"मग?"

"मग आम्ही सगळे कँटीनमध्ये आठवडाभर हसलो तिला."

खाली रस्त्यावर फुलांचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"बाबा?" सलीलने हळूच विचारलं. "तो मुलगा आहे का अजून तिथे?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चांगलं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गेला," ते म्हणाले.